उद्या काम अडलं तर कोणाचे पाय धरायचे?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमधल्या एका ताईंचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, त्यातले दोन जुने, विंडोज १० वर चालणारे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या दोन्हींवर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकू म्हणतो. त्या विचारतात, "इथपर्यंत समजतं. पण जेवायला बसला की युरोपातली सरकारं, अमेरिकेचे निर्बंध, कुठल्याशा रिफायनरीचं ईमेल बंद पडलं, असं काय काय सांगत सुटतो. ओपन सोर्स ही या वयातली हौस आहे, की ऑफिस चालवणाऱ्या बाईनं खरंच लक्ष घालावं असं त्यात काही आहे?"

ताई, लक्ष घालावं असं नक्की आहे. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कोणालाही पाहता, बदलता आणि पुढे देता येतो असं सॉफ्टवेअर. मुलगा जेवताना सांगतो त्यातलं बरंचसं खरंही आहे. फक्त तो मशीनपासून सुरुवात करतोय, मी तुमच्या जागी असतो तर फाइलींपासून केली असती. का, ते आधी सांगतो. मग त्या रिफायनरीपर्यंतही येतो, कारण तुमच्या ऑफिसात आणि तिथे प्रश्न एकच आहे: आपलं काम कोण अडवू शकतं?

मी गेली २६ वर्षं लोकांचे कॉम्प्युटर सांभाळतोय. आधी छापखाने, मग पतसंस्था आणि शाळा, आता सर्व्हर. ओपन सोर्सकडे मी कुठली विचारसरणी पटली म्हणून गेलो नाही. दिवाळी अंकांमुळे गेलो.

२००९ ची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका मासिकाचे संपादक वारले होते आणि त्यांच्या पत्नीला त्यांच्या लेखांचं पुस्तक करायचं होतं. १४ दिवाळी अंकांचा सगळा मजकूर सीडींवर होता, प्रत्येक सीडीवर सालासकट चिठ्ठी. एकही सीडी खराब नव्हती. पण फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या चिन्हांचा खच. ज्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये अंक लावले होते ते चालवायला कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला एक 'लॉक' लावावं लागे. ते लॉक बिघडलेलं, नव्या मशीनला तसलं पोर्टच नाही, आणि विक्रेत्याचं उत्तर आलं की ती आवृत्ती आता बंद आहे.

तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे एक युक्ती होती. कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच, त्याचं चित्र तेवढं देवनागरी. कुठल्या इंग्रजी अक्षराआड 'क' ठेवायचा आणि कुठल्याआड काना, हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं. आम्ही छापील अंक शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवत तक्ता बनवला. पहिली वेलांटी फाइलमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली, रफार अक्षराच्या नंतर, त्यामुळे सरळ अदलाबदल केली की 'कार्तिक'चं भलतंच काही होई. तीन आठवडे गेले. पुस्तक निघालं. पण त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. लेख त्यांच्या नवऱ्याचे, सीडी त्यांच्या, कॉम्प्युटर त्यांचा, सॉफ्टवेअरचे पैसे पूर्ण भरलेले, आणि तरीही ते लेख वाचू द्यायचे की नाही हे ठरवणारं कोणी तिसरंच.

आज तुम्ही फोनवर 'कार्तिक' लिहिता तेव्हा ती अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, उच्चाराच्या क्रमानं साठवली जातात. वेलांटी डावीकडे नेणं, 'र'चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, जोडाक्षर जुळवणं हे सगळं पडद्यावर दाखवताना होतं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलची कामं करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) या सगळ्यांत ते काम एकच ओपन सोर्स प्रोग्रॅम करतो. त्याचं नाव हार्फबझ. बेहदाद एस्फाहबोद या इराणमध्ये जन्मलेल्या प्रोग्रॅमरनं त्यावर अनेक वर्षं खपून काम केलं आहे. नावातला 'हर्फ' म्हणजे फारसीत अक्षर. 'एक हरफही काढला नाही' म्हणतो ना आपण, त्यातलाच हा हरफ. आपल्या भाषेची रोजची चिठ्ठीचपाटी एका इराणी माणसानं आणि त्याच्याबरोबरच्या देशोदेशींच्या लोकांनी उघड्यावर ठेवलेल्या कामावर चालते, हे मला अजूनही फार सुंदर वाटतं.

उघड्यावर ठेवलेलं असण्याचा फायदा काय? एका मोफत मराठी फॉन्टमध्ये 'तऱ्हा'मधला 'ऱ्ह' तुटायचा. हा आडवा र आपल्या मराठीचा खास. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, म्हणून चाचणीत त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मी तो फॉन्ट फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये उघडला, चूक शोधली, दुरुस्ती करून मूळ कर्त्यांना पाठवली. काही आठवड्यांनी पुढच्या आवृत्तीत ती आली आणि तो फॉन्ट वापरणाऱ्या प्रत्येकाचा 'ऱ्ह' नीट झाला. बंद फॉन्ट असता तर मी फार तर तक्रार लिहू शकलो असतो.

हे फाइलींचं राजकारण आंतरराष्ट्रीयही आहे, आणि त्यात भारतानं एकदा चांगली ठाम भूमिका घेतली होती. लिबरऑफिसचा खुला फाइल प्रकार, ओडीएफ, २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टचा प्रकार, म्हणजे तुम्ही रोज वापरता त्या डॉक्सएक्स आणि एक्सएलएसएक्सच्या मागचा, मानक म्हणून पुढे आला. भारतीय मानक ब्यूरोनं २००७ मध्ये विरोधी मत दिलं आणि २००८ मध्येही ते बदललं नाही. मानक मंजूर झाल्यावर भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला या चार देशांनी त्याविरुद्ध अपील केलं. ते फेटाळलं गेलं. पण एका देशाची कागदपत्रं कुठल्या आकारात ठेवायची, हा प्रश्न सरकारी पातळीवर इतक्या गांभीर्यानं हाताळला गेला याचा मला अभिमान वाटतो.

आता रिफायनरी. मुलगा सांगतोय ती नायरा एनर्जीची गोष्ट. गुजरातमध्ये वाडीनारला तिची रिफायनरी आहे, वर्षाला २ कोटी टन तेल शुद्ध करण्याच्या क्षमतेची. कंपनीत ४९.१३ टक्के वाटा रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघानं रशियावरचे नवे निर्बंध जाहीर केले, त्यात नायराचं नाव होतं. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टनं कंपनीच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचं ईमेल, टीम्स, सगळं. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले असताना हे झालं, असं म्हणत नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि महिना संपायच्या आत सेवा पुन्हा सुरू झाल्या.

इथे राजकीय बाजू कोणाची बरोबर, हा वेगळा वाद आहे आणि त्यावर माणसामाणसांत मतभेद असतील. माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जातं. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकेची, ग्राहक भारतातला, आणि भारत सरकारनं असा कुठलाही आदेश दिलेला नव्हता. तरी देशातल्या सर्वांत मोठ्या रिफायनऱ्यांपैकी एकीचं ईमेल बंद पडलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे हरीला थेट उच्च न्यायालयाचे पाय धरावे लागले. तुमच्या ऑफिसवर कोणी निर्बंध घालणार नाही हे उघड आहे. पण पासवर्ड गेला, खातं चुकून बंद झालं, वर्गणीचा दर एकदम दुप्पट झाला, तर तुम्हाला उच्च न्यायालयात जायला सवडही नसेल.

युरोपात ही भीती त्याच वर्षी आणखी वाढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर निर्बंधांचा आदेश काढला. मे महिन्यात बातमी आली की न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता करीम खान यांचं मायक्रोसॉफ्टवरचं ईमेल बंद झालं. आपण न्यायालयाची सेवा थांबवलेली नाही, असं मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट केलं. पण जूनमध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर याच कंपनीच्या तिथल्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं गेलं, की फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय फ्रेंच नागरिकांचा डेटा अमेरिकी सरकारला कधीच दिला जाणार नाही याची हमी देता का? हमी देता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. प्रामाणिक उत्तर होतं ते. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपनीला डेटा जगात कुठेही ठेवलेला असला तरी मागणी आल्यावर द्यावा लागू शकतो.

जर्मनीच्या उत्तरेला श्लेस्विग-होल्श्टाइन नावाचं राज्य आहे. तिथल्या सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं की कचेऱ्यांमध्ये लिबरऑफिस वापरायचं. ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यांनी ४० हजारांहून अधिक मेलबॉक्स मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवरून ओपन सोर्स व्यवस्थेवर हलवले. मेल आणि कॅलेंडरच्या नोंदी मिळून १० कोटींच्या वर. मी स्वतः एका पतसंस्थेचे जेमतेम २०० मेलबॉक्स हलवले आहेत आणि त्या आठवड्यात मला धड झोप मिळाली नव्हती, म्हणून या आकड्यामागचे कष्ट मला दिसतात.

याच जर्मनीत उलटं उदाहरणही आहे आणि मुलगा ते सांगत नसेल तर मी सांगतो. म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. तेव्हाचे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी मध्येच सोडून महापौरांना भेटायला गेले, इतकी ती बाब मोठी होती. दहा वर्षांत सुमारे १५ हजार कॉम्प्युटर हलले. आणि २०१७ मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांच्या काळात महापालिकेनं परत विंडोजवर यायचं ठरवलं. कारणांवर आजही वाद आहे. बाहेरून येणारी कागदपत्रं नीट न उघडणं, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, महापालिकेतल्या विखुरलेल्या आयटी विभागांचा गोंधळ, आणि राजकारण, असं सगळंच त्यात होतं. माझ्या मते धडा फाइलींचाच आहे. आजूबाजूचं सगळं जग एका फाइल प्रकारात बोलत असताना एकट्यानं दुसऱ्या प्रकारात बोलायचं म्हणजे रोजची झटापट, आणि ती झटापट शेवटी टायपिंग करणाऱ्या कारकुनाच्या वाट्याला येते. श्लेस्विग-होल्श्टाइननं ऑपरेटिंग सिस्टिम नंतर ठेवली, आधी ऑफिस आणि ईमेल घेतलं. क्रम बरोबर आहे.

ओपन सोर्समध्ये नेमकं काय हाती येतं, हे मी शेतकरी क्लायंटना वहिवाटीच्या उदाहरणानं सांगतो. बांधावरची वाट वहिवाटीची असेल तर शेत कोणीही विकत घेतलं तरी ती वाट बुजवता येत नाही. ओपन सोर्सचा परवाना तसाच आहे. एकदा कोड त्या परवान्याखाली दिला की दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीनं सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली, त्यात ओपनऑफिस हे सनचं खुलं ऑफिस सॉफ्टवेअरही गेलं. पुढे काय होणार याची खात्री वाटेना, तेव्हा त्यावर काम करणारी बरीच मंडळी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोच कोड घेऊन बाहेर पडली आणि त्याचं लिबरऑफिस झालं. कोणाची परवानगी मागावी लागली नाही. फुकट मिळतं ही त्यातली सगळ्यात किरकोळ बाब.

पण वहिवाट असली तरी वाट कोणाच्या तरी गावातूनच जाते. मुलाच्या उत्साहात मला ही एक बाजू भरायची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून डझनभर रशियन लोकांची नावं काढली गेली. कारण दिलं कायदेशीर अनुपालनाचं, म्हणजे निर्बंधांचं. त्या आधी २०१९ मध्ये गिटहबनं, म्हणजे जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या अमेरिकी साइटनं, इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर बंधनं घातली होती. कोड त्या लोकांकडे राहिलाच, तो कोणी काढून घेऊ शकलं नाही. पण सगळे जिथे एकत्र बसून काम करतात तो गावचा पार अमेरिकेच्या कायद्याखाली आहे, आणि तिथून उठवलं जाऊ शकतं. आरआयएससी-व्ही या खुल्या चिप-रचनेच्या संस्थेनं हे ओळखून २०२० मध्ये आपलं बिऱ्हाड अमेरिकेतून स्वित्झर्लंडला हलवलं. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा 'वेगा' हे प्रोसेसर याच रचनेवर आहेत.

दुसरी बाजू माणसांची. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरनं जाहीर केलं की फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा बसवला आहे. तो दरवाजा जगभरच्या लिनक्स सर्व्हरमध्ये घुसायला वापरता आला असता. त्यांना तो कसा सापडला? सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता, आणि तो का लागतो हे शोधल्याशिवाय त्यांना चैन पडेना. कोड उघडा होता म्हणून शोधता आलं, हे खरं. पण दरवाजा बसवणारानं 'जिया तान' या नावानं दोन वर्षांहून जास्त काळ खरीखुरी मदत करून विश्वास मिळवला होता, आणि मूळ देखभाल करणारा फिनलंडमधला एक थकलेला माणूस ते काम विनामोबदला एकट्यानं ओढत होता, हेही तितकंच खरं. जग ज्यावर चालतं ती विहीर उपसणारा एकच, पाणी भरणारे लाखो. हे मला फार लागतं. आपल्याकडे झिरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी दर वर्षी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तुम्हीही ज्या सॉफ्टवेअरवर ऑफिस चालवाल त्याला वर्षाकाठी हजार-पाचशे रुपये देणगी द्या. ती भीक नाही, देखभालीचा खर्च आहे.

मुलगा कदाचित म्हणेल की मग सगळं स्वदेशीच वापरू. स्वदेशी आणि खुलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोहो ही आपली तामिळनाडूतली कंपनी, केंद्र सरकारचं ईमेल आता तिच्याकडे आहे, काम चोख आहे. पण तिचा कोड खुला नाही. निर्बंधांची भीती त्यानं कमी होते, अवलंबून राहणं मात्र संपत नाही, फक्त ज्याच्यावर अवलंबून राहायचं तो आपल्या देशातला असतो. याउलट मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि व्यवसाय सांभाळणारं सॉफ्टवेअर स्वदेशीही आहे आणि पूर्ण खुलंही. त्याला जीएसटीची जोड देणारं अ‍ॅपसुद्धा खुलं आहे. उद्या ती कंपनी राहिली नाही तरी कोड घेऊन दुसरा कोणी पुढे नेऊ शकतो.

आपल्या पुण्यानं हे फार आधी अनुभवलं आहे. १९८० च्या दशकात भारतानं मागितलेला क्रे महासंगणक अमेरिकेनं दिला नाही, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. तो चालत होता इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या चिपवर. म्हणजे पूर्ण स्वावलंबन तेव्हाही नव्हतं आणि कोणत्याच देशाला ते परवडणारं नाही. एकानं नाही म्हटलं तर दुसरीकडून वाट काढता यावी, एवढं मात्र साधता येतं. आज जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो, २०१७ पासून अपवाद नाही. ज्या क्षेत्रात एकेकाळी आपल्याला दारातून परत पाठवलं होतं, तिथला निदान पायाचा प्रोग्रॅम आता कोणी नाकारू शकत नाही.

आता तुमचे चार कॉम्प्युटर.

टॅली आणि डिजिटल सहीचा टोकन ज्या मशीनवर आहे त्याला हात लावू नका. टॅली विंडोजसाठी आहे. ते लिनक्सवर चालवायचे खटाटोप लोक करतात, पण ज्या ऑफिसला तारखा पाळायच्या आहेत तिथे मी ते करू देणार नाही. आयकर खात्याच्या एक्सेल युटिलिटीत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम, असतात, लिबरऑफिसमध्ये त्यांचा भरवसा धरू नका. म्हणजे चारपैकी दोन मशीन विंडोज ११ वर राहू द्या.

जुन्या दोघांचं खरं दुखणं असं: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या घरगुती ग्राहकांना त्यानंतर एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि व्यवसायांना पैसे भरून फार तर तीन वर्षं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तो त्यांच्यात बहुधा नसेल. मशीन धडधाकट असताना भंगारात घालण्यापेक्षा त्यात एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा आणि लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार टाका. पत्रव्यवहार, पोर्टलवर माहिती पाहणं, स्कॅनिंग, ईमेल यांना ते पुरून उरतं. टायपिंग करणाऱ्या मुलीला इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची प्रमाण मांडणी येत असेल तर तिला फरकही जाणवणार नाही. लिबरऑफिस शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे आहेत, मोफत.

पण त्याच्या आधी, या आठवड्यात, मशीन न बदलता करायची कामं आहेत. प्रत्येक क्लायंटच्या गेल्या वर्षांच्या खतावण्या आणि ताळेबंद टॅलीतून एक्सएमएलमध्ये आणि पीडीएफमध्ये, दोन्ही प्रकारे काढून एका वेगळ्या डिस्कवर ठेवा. जुन्या फॉन्टमधली मराठी पत्रं, वकीलपत्रं, ठराव असतील तर ते सॉफ्टवेअर अजून चालतंय तोवर युनिकोडमध्ये करून घ्या. सांगलीच्या त्या बाईंसारखं नंतर छापील कागद शेजारी घेऊन बसायची वेळ येऊ देऊ नका. ऑफिसचं ईमेल मोफत खात्यावर असेल तर स्वतःचं डोमेन घ्या. वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये लागतात, आणि उद्या ईमेल पुरवणारा बदलला तरी पत्ता तोच राहतो. सगळी जुनी मेल थंडरबर्ड या ईमेलच्या ओपन सोर्स प्रोग्रॅममधून आपल्या डिस्कवर उतरवून घ्या. मुलाला द्यायचं पहिलं काम हे.

लिनक्स टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, मशीनवर काहीही न पुसता. वायफाय, स्कॅनर आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. छोट्या ऑफिसांतले काही लोकप्रिय लेझर प्रिंटर आपली भाषा गुप्त ठेवतात आणि लिनक्सवर फार छळतात. गंमत म्हणजे या सगळ्या चळवळीची ठिणगी प्रिंटरमुळेच पडली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या प्रिंटरचा कागद अडकला की सगळ्यांना कळवणारी सोय करायची होती, आणि त्याचा कोड त्यांना मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. तुमचा प्रिंटर पेनड्राइव्हवरच्या मिंटमधून एक मराठी पान नीट छापत असेल तरच पुढे जा. नाहीतर तो प्रिंटर विंडोजच्या मशीनला जोडून नेटवर्कवर वाटून द्या. एका वेळी एकच मशीन बदला, आणि रिटर्नचा हंगाम उलटेपर्यंत त्यातलं विंडोज पुसू नका, शेजारी राहू द्या.

मुलाला माझा एक निरोप द्या. त्याचा उत्साह खरा आहे, तर त्यानं लिबरऑफिसच्या मराठी भाषांतरात हात घालावा. हिशेबाच्या भागात जिथे इंग्रजी राहिलं असेल किंवा ओढूनताणून केलेले शब्द असतील, तिथे त्याला एकट्याला जमणार नाही. घसारा, खतावणी, येणं-देणं, किर्द हे शब्द त्याच्या कॉलेजात शिकवत नाहीत. ते तुमच्याकडे आहेत. जेवताना त्याच्या शेजारी बसून एकेक शब्द सांगा.